‘बहिणीप्रमाणे’ म्हणजे नेमकं कसं?

मागच्या अंकात याच सदरात, प्रेषित पौलानं आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीवर मी चार ओळी लिहिल्या होत्या. पौल तिथे तरुण तीमथ्याला सांगतो, की मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बापासारखं वागव, तरुणांना भावासारखं, वयस्कर स्त्रियांना आईसारखं आणि तरुण स्त्रियांना पूर्ण शुद्ध मनानं बहिणीसारखं. एवढ्याशा मजकुरावर इतकी पत्रं येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं. बायबल स्कूलमध्ये नवा करार शिकवताना हा अध्याय आला, की एरवी डुलक्या घेणारे विद्यार्थीही सरसावून बसत.

पत्रं पुष्कळ, पानं तेवढीच, म्हणून निवडक घेते. नावं सगळ्यांचीच वगळली आहेत. काहींनी तशी विनंती केली होती. ज्यांनी केली नव्हती, त्यांच्या वतीनं मीच केली.

प्रश्न : बाई, सप्रेम सलाम. मी आमच्या तरुण संघाचा सचिव आहे. ‘पूर्ण शुद्ध मनानं’ याचा अर्थ आम्ही असा घेतला, की मुलींशी कामापुरतंच बोलायचं, शक्यतो बोलायचंच नाही. रांगा वेगळ्या, मोबाइलवरचा ग्रुपही वेगळा. यात आमच्या बहिणींचा मानच राखला जातो ना?

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे. पण घरात सख्ख्या बहिणीशी तुम्ही असेच वागता का? बहीण आजारी असली तर विचारपूस करता, तिच्याशी कडाकडा भांडता, तिचं म्हणणं पटलं नाही तरी ऐकून घेता, आणि तुमचं कुठे चुकतंय हे ती तोंडावर सांगते. पौलानं ‘बहिणीसारखं’ लिहिलं, ‘परकीसारखं’ नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो रूफाच्या आईला सलाम पाठवतो आणि म्हणतो, ती माझीही आई आहे. जिच्याशी कधी बोललाच नाही, तिला कुणी आई म्हणत नाही.

योहानाचा चौथा अध्याय एकदा संघात वाचा. विहिरीपाशी येशू शोमरोनी स्त्रीशी बोलतो आहे. शुभवर्तमानांत त्याची एकेका माणसाशी झालेली जी संभाषणं आहेत, त्यांतलं हे सर्वांत लांबलेल्यांपैकी एक. आणि विषय काय? उपासना कुठे करावी, कशी करावी. शिष्य परत येतात आणि हा एका बाईशी बोलतोय हे पाहून चकित होतात. विचारत मात्र कुणी नाही. गंमत बघा, शिष्य त्याच गावात जाऊन आले होते. ते अन्न घेऊन आले. मग ती गेली, आणि गाव घेऊन आली.

तुमची खरी काळजी मोहाची आहे, हे मला कळतं. त्यावरही प्रभू बोलला आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वाईट नजरेनं पाहणाऱ्याला तो काय सांगतो? त्या स्त्रीला तिथून उठवा, असं नाही. तुझा डोळा तुला अडखळवत असेल तर तो उपटून टाक, असं. नजर ज्याची, जबाबदारी त्याची. तुमच्या व्यवस्थेत मात्र नजर मुलांची आहे आणि दूर मुलींना बसवलं आहे.

रांगा वेगळ्या असल्या तर असू द्या, त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. पण शिबिर कधी घ्यायचं, वक्ता कोण, खर्च किती, हे ज्या ग्रुपमध्ये ठरतं त्यात मुली हव्यात. आणि शुद्धतेचे नियम हवेतच असतील तर ते स्वतःसाठी करा : रात्री उशिरा खाजगी मेसेज नाही, भेटीगाठी चारचौघांत, आणि तिच्या पाठीमागे तिच्या दिसण्यावर चर्चा नाही. ती तिथे नसताना तुमच्यात काय बोलणं चालतं, यावरून मला तुमच्या संघाबद्दल रांगांपेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : आमचे पाळकसाहेब मनानं चांगले आहेत. पण दर रविवारी संदेशात बायकांवर एखादा विनोद असतोच. बायको बडबडी, बायको खर्चिक, शेवटी ‘हव्वेची लेक ना!’ सगळे हसतात. मीही हसते. मग घरी गेल्यावर हेच वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकते.

उत्तर : आणि नवऱ्याला ते आता व्यासपीठावरून मंजूर होऊन मिळालेलं असतं. आणखी एक-दोन भगिनींना बरोबर घ्या आणि पाळकांना उपासनेनंतर निवांत गाठून एवढंच सांगा, की या वाक्याचा आमच्या घरात असा उपयोग होतो. चांगल्या मनाच्या माणसाला तेवढं पुरावं.

हव्वेचंच काढलं आहे म्हणून सांगते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फळ खाताना नवरा तिच्याजवळच होता. आणि पाप जगात कसं आलं हे पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात उलगडून सांगतो, तेव्हा सगळा हिशेब आदामाच्या नावावर मांडतो. हव्वेचं त्या अध्यायात नावही नाही.

येशूनं भरल्या सभास्थानात एका बाईला काय म्हटलं, ते लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. अठरा वर्षं पाठीत वाकलेली, मान वर करता येत नसलेली ती बाई. त्यानं तिला बोलावलं, तिच्यावर हात ठेवले, आणि शब्बाथ मोडला म्हणून सभास्थानाचा अधिकारी चिडला तेव्हा सर्वांदेखत म्हटलं, ही अब्राहामाची कन्या आहे. पाळकसाहेबांना संदेशासाठी विषय हवा असेल तर हा घ्या म्हणावं.

प्रश्न : मी मंडळीचा कारभार पाहणारा वडील म्हणून सेवा करतो. वार्षिक सभेत एका भगिनीनं इमारत निधीच्या हिशेबावर उभं राहून प्रश्न विचारला. मी १ करिंथ १४:३४ वाचून दाखवलं, की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, आणि तिला खाली बसवलं. आता तरुण मंडळी माझ्यावर नाराज आहेत. वचन वाचणं ही चूक आहे का?

उत्तर : वचन वाचणं चूक नाही. तुम्ही ते जिथे वाचलं ते चूक आहे.

आधी वचनाचं पाहू, कारण तुम्ही दोन पानं त्यावरच लिहिली आहेत. त्या अध्यायात पौल तिघांना गप्प राहायला सांगतो. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्यानं गप्प राहावं (वचन २८). दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर आधी बोलणाऱ्या संदेष्ट्यानं गप्प राहावं (वचन ३०). आणि मग ३४ मध्ये स्त्रिया. पहिल्या दोन आज्ञा प्रसंगापुरत्या आहेत हे आपण सगळे मान्य करतो. तिसरी तेवढी जन्मभराची कशी? आणि याच पत्रात तीन अध्याय मागे, ११:५ मध्ये, स्त्री प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोक्यावर काय असावं याची चर्चा आहे. जी तोंडच उघडणार नाही तिच्या डोक्यावरच्या पदराची चर्चा पौल कशाला करील? म्हणून कुणी म्हणतात, हा मनाईहुकूम सभेत मध्येच प्रश्न विचारून गोंधळ करण्यापुरता होता. कुणी म्हणतात, संदेशांची पारख करण्यापुरता. काही जुन्या हस्तलिखितांत ३४ आणि ३५ ही दोन वचनं अध्यायाच्या अगदी शेवटी येतात, हेही अभ्यासकांना विचारात घ्यावं लागतं.

१ तीमथ्य २:१२ तुम्ही उद्धृत केलं आहे. तिथे पौल स्त्रीनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये म्हणतो, आणि त्या वचनाचं वजन मी कमी करणार नाही. त्याच्याच आधारे देवाची भिऊन सेवा करणारी माणसं वेगवेगळ्या निष्कर्षांना आली आहेत. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च स्त्रियांना याजकपदाची दीक्षा देत नाहीत. अँग्लिकन पंथात पहिली दीक्षा १९४४ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना मिळाली. चर्च ऑफ इंग्लंडला पहिल्या स्त्री याजकांपर्यंत यायला १९९४ उजाडलं आणि पहिल्या स्त्री बिशपपर्यंत २०१५. बॅप्टिस्टांमध्ये तर शेजारशेजारच्या दोन मंडळ्यांचं एकमत नसतं. माझं मत विचाराल तर प्रेषितांच्या कृत्यांत (१८:२६) प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, आणि त्यानं मंडळी बुडाली नाही, उलट तिला चांगला शिक्षक मिळाला. या जोडप्याचा एकत्र उल्लेख नव्या करारात सहा वेळा येतो. त्यांतल्या चार ठिकाणी बायकोचं नाव आधी आहे. आणि जाता जाता : स्त्रियांनी गप्प राहावं हे वचनही मराठीत एका स्त्रीनं उतरवलेलं आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

पण व्यासपीठावर कोणी उभं राहावं याबद्दल तुमचं मत माझ्या विरुद्ध असलं, तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. ती भगिनी संदेश देत नव्हती. ती हिशेब विचारत होती. तिनं इमारत निधीला देणगी दिली तेव्हा तुम्ही तिला हे वचन वाचून दाखवलं होतं का?

पौल स्वतः वर्गणीच्या पैशांबद्दल किती जपून होता पाहा. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये तो लिहितो, की या देणगीच्या बाबतीत आम्हाला कुणी दोष लावू नये म्हणून आम्ही काळजी घेतो, आणि केवळ प्रभूपुढे नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य तेच करतो. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत कारभारावर जी तक्रार आली, ती स्त्रियांच्या बाबतीतलीच होती : ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी कुणाला खाली बसवलं नाही. सगळी मंडळी बोलावली, सात कारभारी नेमले. सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच नेमले.

शेवटी एक गोष्ट मला खटकली ती सांगते. तुमच्या दोन पानी पत्रात त्या भगिनीचा प्रश्न काय होता आणि त्याचं उत्तर काय, हे कुठेच नाही. पुढच्या सभेत आधी तिची माफी मागा, आणि लगेच ते उत्तर द्या.

प्रश्न : आमच्या महिला मंडळानं वर्षभर निधी गोळा केला, आजाऱ्यांच्या भेटी घेतल्या, कन्व्हेन्शनचं स्वयंपाकघर सांभाळलं. वार्षिक अहवालात दहा पुरुषांचे नावानिशी आभार, आणि शेवटी एक ओळ : ‘महिला मंडळानेही सहकार्य केले.’ नावाचा हव्यास धरणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का, असं उलट आम्हालाच विचारलं गेलं.

उत्तर : हव्यास वाईटच. मग त्या दहाजणांचीही नावं काढा म्हणावं.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण ‘नुसती नावं आहेत’ म्हणून वाचनात गाळतो. त्यात दहा स्त्रियांचा उल्लेख आहे, त्यांतल्या आठ नावानिशी. यादीची सुरुवातच फिबीपासून होते. ती किंख्रियातल्या मंडळीची सेविका, पुष्कळांना आणि स्वतः पौलालाही आधार देणारी. पौल रोमच्या मंडळीला सांगतो, तिला सन्मानानं घ्या आणि ज्या कामात तिला तुमची गरज लागेल त्यात मदत करा. म्हणजे ती इतरांना नव्हे, इतरांनी तिला सहकार्य करायचं आहे. पुढे या अध्यायात ‘श्रम केले’ असं चौघांबद्दल म्हटलंय : मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस. चौघीही स्त्रिया. फिलिप्पैकरांस पत्रात (४:२-३) युवदिया आणि सुंतुखे यांच्यात बेबनाव झालेला दिसतो, तरीही तो लिहितो, की सुवार्तेच्या कामात या माझ्या जोडीनं झटल्या. भांडण झालं म्हणून आधीचं काम पुसलं नाही. आणि पैशाचं म्हणाल, तर येशू गावोगाव फिरत होता तेव्हा खर्च कोण करत होतं, हे लूकनं आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला मांडून ठेवलं आहे : मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ जणी, आपल्या पैशातून.

याउलट एक नोंद चर्चबाहेरची. साधारण ११२ साली प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं सम्राट त्राजानला कळवलं, की ख्रिस्ती लोकांचं खरं काय ते काढून घेण्यासाठी त्यानं दोन दासींना यातना दिल्या. या दासींना मंडळीत सेविका म्हणत. विश्वासासाठी यातना सोसलेल्या त्या दोघींची नावं त्यानं लिहिली नाहीत. त्याला गरज वाटली नाही. तुमचा अहवाल लिहिणाऱ्यानं पौलासारखं लिहायचं की प्लिनीसारखं, ते ठरवावं. तोवर तुम्ही आपल्या कामाची वेगळी नोंदवही ठेवा, तारखा आणि नावांसकट, आणि मार्चअखेर ती अहवालाला जोडायला द्या.

प्रश्न : १ पेत्र ३:७ मध्ये स्त्रीला अधिक नाजूक पात्र म्हटलं आहे. मग घरात शेवटचा शब्द पुरुषाचा असावा, हे वचनानुसारच नाही का?

उत्तर : वचन अर्ध्यावर सोडलंत. पेत्र नवऱ्यांना म्हणतो, बायकोबरोबर समजूतदारपणे राहा, तिला मान द्या, कारण जीवनाच्या कृपेत ती तुमच्याबरोबरची वारस आहे. असं करा म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. शेवटच्या शब्दाबद्दल त्यात काही नाही. अडलेल्या प्रार्थनेबद्दल आहे. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्यायही तुम्ही पुढे करालच, म्हणून आत्ताच सांगते : त्यात एकमेकांच्या अधीन राहा हे आधी येतं, मग बायकांना तीन वचनं, आणि नवऱ्यांना त्याच्या दुपटीहून अधिक. आणि त्यांत नवऱ्यापुढे नमुना ठेवला आहे तो मंडळीसाठी जीव देणाऱ्या ख्रिस्ताचा.

प्रश्न : बाई, हे पत्र छापू नका असं लिहिणार होते, पण आता छापा असं लिहिते. आमच्या मंडळीत फार मान असलेले एक गृहस्थ आहेत. रात्री मेसेज करतात. आधी वचनं पाठवायचे, आता वेगळंच लिहितात. प्रार्थनेच्या वेळी हात धरला की सोडत नाहीत. मी पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘ते तुझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मत्तय १८ प्रमाणे आधी एकटीनं जाऊन त्यांच्याशी बोल, क्षमा कर. बाहेर बोललीस तर देवाच्या नावाला कलंक लागेल.’ घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : बाळा, तू जे लिहिलं आहेस ते मला खरं वाटतं. आणि यात तुझं काही चुकलेलं नाही. बाकीचं सगळं यानंतर.

एकटीनं त्यांच्याकडे जाऊ नकोस. मत्तय १८ मधली पद्धत भावाभावांतलं वितुष्ट मिटवण्यासाठी आहे. ज्याच्या हातात वजन आहे त्याच्या खोलीत ज्याच्या हातात काही नाही त्याला एकटं पाठवण्यासाठी नाही. शिवाय तो अध्याय एकट्याच्या भेटीपाशी थांबतही नाही. पुढे साक्षीदार आहेत आणि त्याच्याही पुढे सगळी मंडळी आहे. आणि त्याच अध्यायात त्याआधी प्रभूनं काय म्हटलंय? या लहानांतल्या एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं हे त्याला बरं. हे वचन तुझ्या पाळकांनी तुला वाचून दाखवलेलं दिसत नाही.

दुसऱ्या शमुवेलाचा तेरावा अध्याय मंडळीत फारसा वाचला जात नाही. दावीदाचा मुलगा अम्नोन आजाऱ्याचं सोंग घेतो, आणि सावत्र बहीण तामारेला त्याच्या घरी पाठवतो तो दावीद राजाच, तिचा बाप. तामार नाही म्हणते. स्पष्ट, कारणं देऊन, इस्राएलात असं करत नाहीत असं बजावून. तिचं कुणी ऐकत नाही, अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो. मग सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नको. दावीदाला राग येतो, फार राग येतो, असं लिहिलं आहे. पुढे त्यानं काय केलं, ते लिहिलेलं नाही, कारण त्यानं काही केलं नाही. तामार भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली. दोन वर्षांनी त्या घराण्यात खून पडला आणि पुढे बंड झालं. घराण्याच्या अब्रूसाठी जिला गप्प केलं, तिची गोष्ट पवित्र शास्त्रानं मात्र झाकली नाही. दावीदाच्या घरातलं सांगितल्यानं देवाच्या नावाला कलंक लागला नाही, तर तुमच्या मंडळीतलं सांगितल्यानं कसा लागेल?

आता करायचं काय. मेसेज खोडू नकोस. तारीख-वेळ दिसेल असे त्यांचे फोटो काढून भरवशाच्या दुसऱ्या कुणाकडे पाठवून ठेव. हात धरल्याचे प्रसंग आठवतील तसे लिहून काढ : दिवस, जागा, आसपास कोण होतं. घरात आई असो, मावशी असो, एकीला आजच सांग. मग तिला बरोबर घेऊन पाळकांना लेखी अर्ज दे आणि पोच घे. तोंडी बोलणं विरून जातं. त्यांनी हालचाल केली नाही तर त्यांच्या वरिष्ठांकडे जा. पोलिसांत जाण्याचा तुझा हक्क मंडळीच्या परवानगीवर अवलंबून नाही; रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात वाईट करणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या सत्तेलाही पौल देवाचा सेवक म्हणतो. बहुतेक वेळा अशा माणसाचा त्रास एकीलाच झालेला नसतो. तू बोललीस की आणखी कुणी बोलेल.

क्षमेचं तुझ्यात आणि प्रभूत ठरेल, जेव्हा ठरेल तेव्हा. क्षमा केली तरी अर्ज मागे घ्यावा लागत नाही.

आणि पाळकसाहेब, तुम्हीही हे मासिक वाचता, म्हणून तुमच्यासाठी. १ तीमथ्य ५:१९ मध्ये वडिलांविरुद्धची तक्रार दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नको असं आहे, हे तुम्ही म्हणाल. फोनमधले मेसेजही साक्षच आहेत. आणि पुढचं वचनही वाचा : जे पाप करतात त्यांचा सर्वांदेखत निषेध कर. त्याच्याही पुढचं : कुणाचा पक्षपात करू नको. चौकशी होईपर्यंत त्या गृहस्थांना सगळ्या जबाबदाऱ्यांतून बाजूला करा. चौकशीला त्यांचे मित्र बसवू नका. स्त्रिया घ्या, मंडळीबाहेरचं कुणीतरी जाणतं घ्या. दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून’ टाकू नका. आणि मुलगी अल्पवयीन असेल तर चौकशी समितीची वाट न बघता पोलिसांना कळवा. कॅथलिक चर्चमध्ये २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याजकांना आणि धर्मसंघीयांना अशा अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलं. तसं करावं लागलं, यावरूनच आधी काय चालत होतं ते समजावं.

प्रश्न : मग्दालीया मरीया आधी वेश्या होती, हे बायबलमध्ये कुठे आहे? मला सापडत नाही.

उत्तर : सापडणार नाही, कारण नाहीच. तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच लूक सांगतो. त्याच्या आधीच्या, सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी एक पापी स्त्री येते. तिचं नाव दिलेलं नाही. पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१ सालच्या एका प्रवचनात या दोघींना आणि बेथानीच्या मरीयेला एकच ठरवलं, आणि पश्चिमेकडे ते शतकानुशतकं चालत राहिलं. १९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चनं उपासनेचं कॅलेंडर सुधारताना हा घोळ बाजूला केला. २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. उठलेल्या प्रभूला आधी तिनं पाहिलं आणि शिष्यांना ती बातमी तिनं दिली, हे योहानात आहे. त्या सकाळी स्त्रियांनी सांगितलेलं प्रेषितांना वायफळ वाटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही, हे लूक २४:११ मध्ये आहे. ईस्टरची सुवार्ता आधी बायकांचा शब्द म्हणून आली, आणि आधी बायकांचा शब्द म्हणूनच उडवून लावली गेली.

प्रश्न : मी संडे स्कूलमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. मुली वाचायला उभ्या राहिल्या की मुलं खिदळतात. ओरडून उपयोग होत नाही. एखादा पाठ सुचवाल?

उत्तर : संदेष्ट्या स्त्रियांपैकी दबोरा सगळे घेतात, तुम्ही हुल्दा घ्या. २ राजे, अध्याय २२. मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो, योशीया राजा तो ऐकून वस्त्रं फाडतो आणि म्हणतो, परमेश्वराला विचारा. संदेष्टा यिर्मया त्या वेळी संदेश देऊ लागून काही वर्षं झाली होती, पण राजाची माणसं गेली ती हुल्देकडे, वस्त्रागार सांभाळणाऱ्याच्या बायकोकडे. गेलं कोण, तर प्रमुख याजक हिल्कीया आणि राजाचे चार मानकरी. तिनं सुरुवातच केली ती ‘तुम्हाला ज्यानं पाठवलं त्या माणसाला जाऊन सांगा’ अशी. राजाला ‘तो माणूस’! मुलांना हे फार आवडतं. पाचजणांची कामं मुलांना द्या, हुल्दा मुलीला द्या, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत हिल्कीयानं उभंच राहायचं असतं, हे आधी सांगून ठेवा.